चेपलेला डबा

बुजवण्याच्या घरात वारासुद्धा दार वाजवून आत येतो, असं गल्लीतले लोक म्हणायचे. बुजवण्या म्हणजे फटी बुजवणारा. खिडकीच्या चौकटीत फोम भरणं, दाराला रबराची पट्टी लावणं, काचेवर दुसरी काच बसवणं हा त्याचा धंदा. थंडी तोंडावर आली की त्याला जेवायला फुरसत नसायची. सुताराच्या घरी मोडकी खुर्ची आणि शिंप्याच्या अंगात उसवलेला सदरा, हा जगाचा न्याय. हा गडी मात्र वेगळा. त्याने सगळ्यात आधी स्वतःचं घर बुजवलं, आणि असं बुजवलं की मुंगीने आत यायचं म्हटलं तरी तिला चार दिवस चौकशी करावी लागली असती.

घर तरी केवढं? दुसऱ्या मजल्यावरची एक मोठी खोली. एका अंगाला ओटा, दुसऱ्या अंगाला दोन पलंग, कोपऱ्यात मोरी. खिडकी एकच, आणि तीही त्याने थंडीपुरती फोमने पक्की करून टाकलेली. वर दुहेरी काच. दार लावलं की कानात दडे बसायचे, आणि उघडायचं तर चौकटीला पाय लावून ओढावं लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या लेकाने घर नाही, तिजोरी केलीय." हे त्या कौतुकाने म्हणायच्या. सूनबाईलाही कौतुकच होतं. थंडीत शेजारीपाजारी कुडकुडत असायचे आणि हिची बबडी, चार वर्षांची पोर, घरात अनवाणी नाचायची.

मग वादळ आलं. रात्रभर वाऱ्याने थैमान घातलं, तारा तुटल्या आणि सकाळी वीज गेली ती गेलीच. विजेवरची शेगडी थंड, हीटर थंड. बुजवण्याला तर पहाटेपासून फोनवर फोन. कुणाची काच उडाली, कुणाची चौकट सुटली. हत्यारांची पिशवी खांद्याला मारून तो निघाला. दुपारी त्याने एकदा फोन केला तेव्हा सूनबाईच्या फोनची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती.

"दार उघडू नकोस हं," तो म्हणाला. "एकदा ऊब गेली की परत यायची नाही. दाराखाली ओला टॉवेल लाव. आणि माळ्यावर माझा जुना स्टोव्ह आहे बघ, त्याच्यावर..." एवढ्यात फोन मेला.

माळ्यावर खरंच स्टोव्ह होता. लग्नाआधी बुजवण्या मित्रांबरोबर डोंगर हिंडायचा, तेव्हाचा. एकच बर्नर, भांडं टेकवायला तीन पाय आणि खाली गॅसची छोटी डबी. सूनबाईने तो पुसला, काडी ओढली, आणि फुस्स करून निळी ज्योत उभी राहिली तशी बबडीने टाळ्या वाजवल्या.

आता स्वयंपाकाला सूनबाई कुणाला हार जाणारी नव्हती. शाळेच्या कॅन्टीनमध्ये शेकड्यांनी पोरांचं रांधायची ती. तिथे एक रीत होती. वाहतुकीत चेपलेले डबे पोरांच्या ताटात जात नसत. ते बाजूला काढून कॅन्टीनच्या बायका आपसात वाटून घेत. त्यामुळे हिच्या ओट्याखाली डब्यांची फौजच उभी असायची. टोमॅटो, मका, वाटाणा, पीच, तेलातले मासे, सगळे कुठे ना कुठे पोचे आलेले. फुगलेला डबा ती घरात घेत नसे, तेवढं तिला कळत होतं. पोचा आलेल्या डब्याचं मात्र तिला काही वाटायचं नाही. "माणसाला पोचे येतात, डब्याला नको यायला?" असं ती म्हणायची.

"एका शेगडीचा स्वयंपाक म्हणजे एका मोरीचं घर," तिने बबडीला सांगितलं. "सगळ्यांनी आपापल्या पाळीने जायचं." आधी तेलात कांदा गेला, लसूण गेला. मग टोमॅटोचा डबा उलटा झाला, तो आटला तसा मका आणि वाटाणा, वर तिखट-मीठ. पातेलं खाली उतरवून तिने ते जुन्या ब्लँकेटात गुंडाळून ठेवलं, म्हणजे आतल्या आत मुरत राहील आणि शेगडी मोकळी होईल. त्या मोकळ्या शेगडीवर माशांचा डबा. मासे तेलासकट तव्यात पडले, नुसते गरम झाले, वर लिंबू पिळलं. घरभर असा वास सुटला की वादळबिदळ सगळं विसरायला झालं.

सासूबाईंनी तेवढ्यात तो रिकामा डबा हातात घेऊन उजेडाकडे धरला. एका बाजूला चांगला खोल पोचा होता.

"हा डबा नको होतास फोडू."

"आई, चांगलाय तो. वास बघा की."

"वासावर जाऊ नये. मला नको ते मासे. मी आपली चहा-टोस्ट खाईन."

आणि त्यांनी खरंच मासे घेतले नाहीत. टोमॅटोच्या पातेल्यालाही शिवल्या नाहीत. काळ्या चहात टोस्ट बुडवून खात शेगडीच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. बबडीने मात्र ताट चाटूनपुसून साफ केलं आणि आईच्या ताटातलेही दोन तुकडे उचलले.

जेवणं झाली तरी स्टोव्ह विझला नाही. गारठा भिंतीतून आत झिरपत होता. सासूबाईंना जुन्या दिवसांतली एक युक्ती आठवली. जाड लोखंडी तवा ज्योतीवर उपडा ठेवायचा, तो तापला की खोली तापते. तसं केलं. काय सांगू, अर्ध्या तासात स्वेटर काढायची वेळ आली. दाराखाली ओला टॉवेल, खिडकीवर जाड पडदा, मध्ये लालसर तवा. बबडी पलंगावर बाहुलीला झोपवत बसली. सूनबाईला वाटलं, जगात कुठेही काहीही होवो, आपण तिघी सुखात आहोत.

"आई, डोकं दुखतंय," बबडी म्हणाली.

"झोप जरा, बरं वाटेल."

पोर आडवी झाली. थोड्या वेळाने उठली आणि अंथरुणातच ओकली. मासे, मका, सगळं बाहेर. सूनबाई धावली, आणि धावताना तिच्या लक्षात आलं की आपलंही डोकं ठणकतंय. पोटात ढवळतंय. पाय आपलेच, पण जड.

डबा! तिने केराच्या बादलीतून तो डबा काढला, हुंगला, बोट फिरवून चाटला. काही कळेना. चव तीच, वास तोच. पण खराब डब्याचं विष वासाला कळत नाही, हे तिने कॅन्टीनमध्येच ऐकलं होतं. मी माझ्या हाताने भरवलं, असं तिच्या मनात आलं, आणि त्यापुढे तिला काही सुचेना. आपल्या ताटातले ते दोन तुकडेसुद्धा तिने हसत हसत पोरीला उचलू दिले होते.

"मी म्हटलं नव्हतं?" सासूबाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता.

"आई, आता नका ना बोलू. पाणी उकळते. मीठ-साखर घालून पाजू तिला. जरा तरतरी आली की खाली ड्रायव्हरभाऊंकडे जाते, त्यांच्या फोनवरून डॉक्टरला बोलावते."

खालच्या मजल्यावर बसचा ड्रायव्हर राहायचा. भला माणूस. तेव्हाच उठून गेली असती तर? पण आईचं काळीज. ओकणाऱ्या पोरीला टाकून जाववेना. तिने तवा उतरवला, सगळ्यात मोठं पातेलं पाण्याने काठोकाठ भरून चढवलं आणि स्टोव्ह होता नव्हता तेवढा मोठा केला.

पाणी काही लवकर उकळेना. बबडी आता रडतही नव्हती. डोळे मिटून पडली होती, गाल लालबुंद. हाक मारली की "हं" म्हणायची. मग तेही उशिरा म्हणायला लागली. सूनबाईने चमच्याने कोमट पाणी तोंडात घातलं तर ते ओठांच्या कडेने गळून गेलं. तिने पोरीचे तळवे चोळले, तिला हाका मारल्या, लाडीगोडी लावली, रागावली. "ए बबडे, उठ गं. माझी शहाणी ना? उठ, नाहीतर तुझी बाहुली देऊन टाकेन हं कुणालातरी." पोर हलली नाही.

मागे धप्प आवाज झाला. सासूबाई उठायला गेल्या होत्या आणि खुर्चीसकट कलंडल्या होत्या.

"काही नाही, काही नाही," त्या जमिनीवरूनच म्हणाल्या. "जरा भोवळ आली. डोकं फुटायला आलंय मघापासून."

"मघापासून? मग बोलला का नाहीत?"

"तुझा जीव आधीच टांगणीला, त्यात माझी कुठे भर घालू?"

सूनबाईने त्यांच्याकडे बघितलं आणि तिला भयंकर राग आला. कारण तिला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. या घरात सासूबाईंना साखर वर्ज्य होती आणि कंडेन्स्ड मिल्कचा डबा दर आठवड्याला आपोआप रिता व्हायचा. विचारलं की सासूबाई तोंडाला पांढऱ्या मिशा असताना शपथेवर सांगायच्या, "मी हातसुद्धा लावला नाही." खाण्याच्या बाबतीत या बाईच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नसे, त्यांचा लेकही नाही.

"तुम्हीपण खाल्लेत ना मासे? मी मोरीत गेले तेव्हा चाखलेत ना?"

"नाही गं."

"आई, आज तरी खरं सांगा! डॉक्टरला सांगायला लागेल, कुणी किती खाल्लं ते."

"नाही खाल्ले. एक घास नाही."

"मग भोवळ उगाच आली? तुम्ही नेहमी असंच..."

"सूनबाई!" म्हातारी सरपटत पलंगाशी आली. श्वास लागला होता. तिने हात नातीच्या कपाळावर ठेवला. "या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. दूध मी चोरून खाते, हजार वेळा खाल्लंय. पण आज मी टोस्टशिवाय काहीही खाल्लेलं नाही. आता ठेव विश्वास, नाहीतर नको ठेवू."

नातीवर जीव ओवाळून टाकणारी बाई. तिच्या डोक्यावर हात ठेवून ही खोटं बोलायची नाही. सूनबाईचा राग जागच्या जागी विरला, आणि त्याच्या जागी आली ती नुसती भीती, आधीपेक्षा मोठी.

मासे खाल्ले नाहीत, टोमॅटो खाल्ला नाही, तरी आईंना तेच होतंय. म्हणजे डबा नाही. मग काय?

डोकं चालेना. विचार धरायला जावा आणि तो निसटावा. चहाचं पाणी? नाही, पोरीने चहा घेतलेला नाही. तिघींनी मिळून एकच असं काय घेतलं आज? तिची नजर स्टोव्हवर गेली. दुपारची निळी ज्योत आता पिवळी, लांबडी होऊन पातेल्याचं बूड चाटत होती. बूड काळं झालं होतं. पडद्याच्या फटीतून काच दिसत होती, तिच्यावरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ चालले होते.

कॅन्टीनमध्ये एकदा धूर ओढून घेणारा पंखा बंद पडला होता. तेव्हा मुख्य आचाऱ्याने उकळत्या पातेल्यांसकट सगळ्या शेगड्या बंद करायला लावल्या होत्या आणि बायकांना हाताला धरून अंगणात काढलं होतं. बायका हसल्या होत्या. "एवढं काय, दादा?" तो म्हणाला होता, "बायांनो, धूर दिसतो तरी. हा शेगडीचा विषारी वायू दिसत नाही. गोड झोप लागते आणि माणूस उठत नाही."

"अगं बाई गं," सूनबाई म्हणाली. त्या घरात श्वास घेण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

तिने आधी स्टोव्ह बंद केला. मग दाराकडे गेली, म्हणजे निघाली. गुडघे मध्येच मोडले आणि उरलेलं अंतर ती रांगत गेली. टॉवेल भिरकावला. कडी काढली. चौकटीला पाय लावून ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. हातात ताकद म्हणून नव्हती, बोटं कडीवरून नुसती घसरत होती. रोज एका हिसक्यात उघडणारं दार आज भिंत झालं होतं. ती ओरडली, "भाऊ! ड्रायव्हरभाऊ!" पण बुजवण्याच्या घरातला आवाज बाहेर जात नसे. तोही त्याच्या कामाचा एक गुण होता, गिऱ्हाइकांना तो आवर्जून सांगायचा.

राहिली खिडकी. ओट्याखालून तिने पहिला हाताला लागला तो डबा घेतला. टोमॅटोचा, मोठा, जड. ओट्याला धरून उभी राहिली आणि पडद्यासकट काचेवर हाणला. काच फुटली. पलीकडे दुसरी काच! तिच्या तोंडून नवऱ्याच्या नावाने एक शिवी गेली, आयुष्यातली पहिली. दुसऱ्या घावाला काचेला नुसता तडा गेला. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. पलंगावर पोर निपचित पडली होती, आणि आपण आत्ता पडलो तर ती कधीच उठणार नाही, हे सूनबाईला लख्ख कळत होतं. तिने दोन्ही हातांनी डबा डोक्यावर उचलला आणि सगळं अंग त्याच्यामागे टाकलं.

डबा काच घेऊन खाली गेला. बाहेरचा वारा असा आत घुसला की पडदा छताला लागला. तिने पोरीला ओढत आणलं, काचांवरून, स्वतःच्या पायाची पर्वा न करता, आणि तिचं तोंड त्या वाऱ्यात धरलं.

खाली अंगणात ड्रायव्हर नुकताच कामावरून येत होता. त्याच्यापुढे हातभर अंतरावर टोमॅटोचा डबा येऊन आदळला. वर मान करून तो शिव्या देत सुटला, एवढ्यात त्याला खिडकीतून लोंबणारा एक लहानसा हात दिसला. मग तो जिने कसे चढला ते त्यालाच ठाऊक. बाहेरून खांदा मारून त्याने दार पाडल्यासारखं उघडलं. आधी पोरीला, मग म्हातारीला उचलून जिन्याच्या चौकात आणलं. सूनबाई भिंतीला धरून आपली आपण आली. त्याने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, मग बुजवण्याला.

त्या चौकातल्या गार फरशीवर किती वेळ गेला कोण जाणे. सूनबाई पोरीच्या नाकाशी गाल धरून बसली होती. श्वास होता, अगदी बारीक. एकदा तोही थांबल्यासारखा वाटला, आणि तिने असा टाहो फोडला की ड्रायव्हरच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग बबडी खोकली. पुन्हा ओकली. आणि रडायला लागली, मोठ्याने, हट्टी पोरं रडतात तसं. "थंडी वाजतेय," ती म्हणाली. सूनबाई हसत आणि रडत तिचे मुके घेत सुटली. कोपऱ्यात सासूबाई डोळे न उघडताच पुटपुटल्या, "वाजू दे गं, राणी. वाजू दे."

अ‍ॅम्ब्युलन्स आणि बुजवण्या एकदमच पोचले. अ‍ॅम्ब्युलन्सच्या माणसांनी दोघींच्या तोंडावर ऑक्सिजनचे मास्क चढवले, बोटाला यंत्र लावलं, "न्यायलाच लागेल, तिघींनाही," म्हणाले. बुजवण्या पायरीवर उभा राहून कधी पोरीकडे बघे, कधी उघड्या दारातून आत. फुटकी खिडकी, काळं पातेलं, एका बर्नरचा स्टोव्ह. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डबा खराब होता का?" त्याने विचारलं. बहुतेक त्याला उत्तर माहीत होतं.

"डबा चांगला होता," सूनबाई म्हणाली. तिला त्याला खूप बोलायचं होतं. घशाशी आलं होतं सगळं. पण त्याच्याकडे बघून तिला दिसलं की तो आता तिचं ऐकतच नाहीये. तो जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत होता. अंधारलेला सगळा भाग. वीज कुठेच नव्हती. आणि दर दुसऱ्या घराला त्याच्या हातची रबरी पट्टी.

"सगळ्यांनी काही ना काही पेटवलं असणार," तो म्हणाला.

त्याने फोन काढला. पहिल्या गिऱ्हाइकाने उचलला. "दादा, खिडकी उघडा. आत्ता. शेगडी विझवा." पलीकडचा माणूस हसला असावा. बुजवण्या ओरडला, "चेष्टा नाही! मीच सांगतोय, मीच बसवलीय ना ती? मग फोडा! पैसे मी देतो!" दुसऱ्याने शिव्या दिल्या, पण उघडतो म्हणाला. तिसऱ्या घरी म्हातारीने उचलला, तिला तो अक्षरशः हात जोडून विनवत होता. एकेक नाव, एकेक घर. आधी जे जन्मभर उघडू नका म्हणून सांगितलं, तेच आता उघडा म्हणून भीक मागत होता, आणि निम्म्या लोकांना वाटत होतं याला वेड लागलंय. ड्रायव्हरने त्याच्याकडून निम्मे नंबर घेतले आणि तोही लावत बसला.

मग एका नंबरावर बुजवण्या थांबला. पुन्हा लावला. पुन्हा.

"कुणाचा?" सूनबाईने विचारलं.

"मागच्या गल्लीत. परवाच काम केलं. नवराबायको आहेत आणि..." त्याने पुन्हा नंबर लावला. "बाळ आहे गं. पंधरा दिवसांचं. बाळाला गारवा लागू नये म्हणून घर बुजवून घेतलं त्यांनी. मी म्हटलं, केसाएवढी फट ठेवणार नाही."

फोन कानाला होता. पलीकडे रिंग वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं बबडीला स्ट्रेचरवरून खाली उतरवत होती. पोर मास्कआडून "बाबा" म्हणाली. बुजवण्या एक पायरी तिच्याकडे उतरला, मग थबकला.

सूनबाईने खाली वाकून त्याची हत्यारांची पिशवी उघडली, हातोडी काढली आणि त्याच्या मुठीत दिली.

"मी आहे हिच्याजवळ," ती म्हणाली. "पळा तुम्ही. आणि हे बघा, दाराशी झटत बसू नका. सरळ काच फोडा. दोन्ही."